कोरड्या काचेवरचा वायपर

औशाच्या बाजार समितीत रामकिशनला ओळखत नाही असा हमाल सापडणार नाही. सोयाबीनच्या दिवसांत दाराशी दहा-बारा छोट्या मालगाड्या उभ्या असतात. त्यात सगळ्यात स्वच्छ काच त्याच्या गाडीची. काच पुसायला त्याच्याकडं तीन फडकी असतात. एक ओलं, एक कोरडं आणि एक जुन्या धोतराचं, शेवटचा हात मारायला. वायपर मात्र त्या गाडीवर वर्षातून एकदाच दिसायचे, आरटीओच्या पासिंगच्या दिवशी. एरवी ते कापडात गुंडाळून सीटखाली.

वायपर काढून ठेवायची रीत आमच्याकडच्या बऱ्याच ड्रायव्हरांची आहे. दिवाळी झाली की पाऊस नसतो आणि पुढचं ऊन रबराला खातं. म्हणून दांड्या काढायच्या, गुंडाळायच्या आणि मृगाच्या आधी परत बसवायच्या. रामकिशन परत बसवायचाच नाही. पाऊस आला की तो गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायचा, उतरायचा आणि एखाद्या टपरीच्या पत्र्याखाली जाऊन उभा राहायचा. पाऊस थांबेपर्यंत. लोक चेष्टा करायचे. "रामकिशन, साखरेची हाय का रं गाडी? विरघळती का?" तो पण हसायचा. हसला तरी जागचा हलायचा नाही.

तेरा वर्षं असं चाललं. त्याला कारण मी आहे.

माझं नाव श्रीमंत. लातूरला औसा रोडवरच्या गॅरेजात चौतीस वर्षं मिस्त्री होतो. सात वर्षांपूर्वी काम सोडलं आणि औशाला घरी आलो. अर्धवट काम श्रीमंत मिस्त्रीला चालत नाही, असं लोक अजून म्हणतात. एकदा चाललं होतं. ते लोकांना माहीत नाही.

रामकिशन औशाजवळच्या एका खेड्यातला. बाप जिनिंगमध्ये पाळीवर काम करायचा. पोरगा एकोणिसाव्या वर्षी ट्रॅक्टरवर हात शिकला, चोविसाव्या वर्षी लातूरच्या गुरुबसप्पा आप्पांच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. आप्पांचं गंजगोलाईत मिरची-मसाल्याचं ठोक दुकान. आठवड्यातून दोन फेऱ्या धर्माबादला. सकाळी भरायचं, नांदेड, लोहा, अहमदपूर करत संध्याकाळी लातूरला उतरवायचं. अकरा वर्षं त्यानं हेच केलं. त्याचे डोळे कायम लाल. नवीन माणसाला वाटायचं, हा पितो. तो चहासुद्धा अर्धाच प्यायचा. घरी गेला की बायको पंचफुला त्याला दारातच थांबवायची. शर्ट बाहेर झटकायचा, दोरीवर टाकायचा, मग आत. "आमच्या घरात पाव्हणा आला तर आधी शिंकतो, मग रामराम करतो," असं ती सांगायची.

ड्रायव्हर म्हणून तो फार बारीक. बाकीचे येऊन "आवाज करती" एवढंच सांगायचे आणि चहाला जायचे. रामकिशन कुठं, कधीपासून आणि काय केलं की वाढतं ते सगळं सांगायचा. त्यानं सांगितलेलं दहापैकी नऊ वेळा बरोबर निघायचं. मला तो उस्ताद म्हणायचा. गाडी माझ्याकडं दिली की कधी उभा राहून बघत बसायचा नाही. "तुम्ही हाय ना," म्हणायचा आणि सावलीला जाऊन डोळे मिटायचा.

२०११च्या सप्टेंबरात तो टेम्पो घेऊन आला. म्हणाला, "उस्ताद, वायपर मधीच थांबून राहिला. उजवी दांडी जड फिरती. बुश बघा."

मी फ्यूज बघितला. जळाला होता. फ्यूज हा मुद्दाम कच्चा ठेवलेला तुकडा असतो. कुठं जोर वाढला की तो जळतो आणि मोटर वाचते. म्हणजे जोर कुठं वाढला ते शोधायचं. रामकिशननं तेही शोधून दिलं होतं, उजव्या दांडीचा खुंट. काचेखालून तो खुंट बाहेर येतो आणि त्यावर दांडी बसते. तो ज्या नळीत फिरतो त्या बुशात धूळ गेली की तो आवळतो. पण तिथं पोहोचायला त्या टेम्पोत डॅशबोर्ड खोलावा लागायचा. अर्ध्या दिवसाचं काम.

मी ते केलं नाही. त्या दिवशी घरी कुणी आजारी नव्हतं. गॅरेजात गर्दी नव्हती. कंबर दुखत होती, पण ती रोजच दुखायची. मला वाकायचा कंटाळा आला, एवढंच. मी वरून खुंटावर तेल सोडलं, फ्यूजच्या जागी तांब्याची तार वळून घातली आणि स्विच लावला. वायपर फिरला. दहा मिनिटं लागली.

"बुश बघितला का उस्ताद?" त्यानं सावलीतूनच विचारलं.

"बघितला," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी दुपारी धर्माबादहून येताना लोहा सोडल्यावर त्याला मोठा पाऊस लागला. वायपर चालू होता. खुंट आवळत गेला, मोटर ओढत राहिली, फ्यूज असता तर जळाला असता, तार काही जळत नाही. मोटर जळाली. नेमकं वळण होतं. काचेवर पाण्याचा पडदा, आत जळका वास. त्यानं ब्रेक दाबला, टेम्पो घसरला आणि पुलाच्या कठड्याला धडकला. मिरचीची पोती ओढ्यात गेली. रामकिशनचा उजवा गुडघा फुटला.

टेम्पो ओढून गॅरेजात आणला. आप्पा यायच्या आधी मी फ्यूजचं झाकण उघडलं, तार काढली, खिशात घातली आणि तिथं नवा फ्यूज बसवला. ही गोष्ट मी तेरा वर्षं कुणाला सांगितली नाही. तार घालणं आळसाचं होतं. काढणं आळसाचं नव्हतं. त्यासाठी मला टेम्पोच्या चेपलेल्या दारातून आत घुसावं लागलं. बरेच कष्ट पडले.

आप्पा आले. "मिस्त्री, परवाच तुम्ही वायपर बघितला होता ना?"

"मी दिला तेव्हा चालू होता आप्पा. कोरड्या काचेवर चालवला की मोटर जळते. धर्माबादचा माल, काचेवर मिरचीची धूळ बसते. ड्रायव्हर लोक कोरड्यावरच फिरवतात."

हे मी हवेत सोडलं होतं. आप्पांनी दवाखान्यात जाऊन रामकिशनला विचारलं, कोरड्यावर चालवला का? दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता. तो म्हणाला, "हाव मालक, एकदा चालवला. उस्तादांनी करून दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, उघाड होती तवा. पाणी टाकलं की मिरचीचा लाल चिखल होतो काचेवर."

आप्पांनी त्याला दवाखान्यातच कामावरून काढलं.

मी भेटायला गेलो. पाय वर टांगलेला. मला बघून त्याच्या डोळ्यात पाणी आलं. "उस्ताद, तुमचं काम मी वाया घातलं. एकदाच चालवला होता हो. एकदाच."

मी म्हणालो, "होतं असं."

एवढंच बोलून मी उठलो. एकदा कोरड्या काचेवर फिरवल्यानं मोटर जळत नाही. रबर खराब होतं, काचेवर चरे पडतात. हे मला माहीत होतं.

गुडघा बरा व्हायला आठ महिने लागले. नंतर तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवू लागला, मग स्वतःची जुनी छोटी मालगाडी घेतली. पावसात थांबायची सवय तेव्हापासूनची. आणि दर वर्षी चौदा एप्रिलला पंचफुला माझ्या घरी खिरीचा डबा पाठवायची. आधी लातूरला, मग मी औशाला आल्यावर इथं. "दवाखान्यात भेटायला आलेले तुम्ही एकलेच होता, भाऊ," असं ती एकदा म्हणाली होती. तो डबा मी धुऊन परत द्यायचो. खीर खायचो. खात नव्हतो असं म्हणणं खोटं होईल.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी, एका मंगळवारी सकाळी पंचफुला घरी आली. दारातच उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही सांगा त्यांला. तुमचं ऐकतेत."

"काय झालं?"

"गाडी इकून राहिलेत. गुरुवारी निलंग्याचा माणूस येणार हाय बघायला. भावकीतला एकजण पुण्याला वॉचमनचं काम देतो म्हणला, तिकडं जायचं म्हणतेत. खुर्चीवर बसायचं बारा-बारा तास. ह्या माणसाला घरात तरी बसलेलं बघितलंय का कुणी? जेवताना एक पाय दाराकडं आसतो."

गोष्ट अशी झाली होती. एका व्यापाऱ्यानं अट घातली होती, पावसात थांबणार असशील तर माल देत नाही. रामकिशननं हिय्या करून वायपर बसवले. सोयाबीन भरून लातूरला निघाला. अर्ध्या रस्त्यात पाऊस आला. त्यानं स्विच लावला. दांड्या दोनदा फिरल्या, कट्‌ असा आवाज झाला आणि बंद. तो थांबला. दोन तास थांबला. पोती भिजली. व्यापाऱ्यानं दुसरी गाडी लावली.

मी पान्ह्यांची पिशवी उचलली आणि तिच्या मागं निघालो. भीमनगरात त्याच्या घरापुढं गाडी उभी होती. तो काच पुसत होता, धोतराच्या फडक्यानं. गिऱ्हाइकाला दाखवायला.

"उस्ताद, तुम्ही कशाला आलात? जळली मोटर. पुन्हा जळली. माझा हातच वायपरला चालत न्हाई."

"स्विच लाव."

"जळलीय म्हणतो ना."

"जळलेली मोटर तरी बघू दे मला."

त्यानं स्विच लावला आणि चटका बसल्यासारखा लगेच बंद केला.

"धरून ठेव. मी सांगेपर्यंत."

दुसऱ्यांदा त्यानं लावला आणि डोळे मिटून घेतले. मी काचेखालच्या जाळीला कान लावला. आत मोटर फिरत होती. घूं घूं आवाज येत होता.

"इकडं ये. कान लाव."

तो आला, वाकला. गुडघा नीट वाकत नाही त्याचा, म्हणून एक पाय ताठ ठेवून वाकतो. ऐकलं.

"चालू हाय?"

"चालू आहे. मोटर चांगली आहे. मोटर फिरते आणि दांडी फिरत नाही, म्हणजे मधला सांधा सुटलाय. आता कशामुळं सुटला ते बघायचं."

"वरून वरून बघा उस्ताद. परवा तर द्यायचीय गाडी. कशाला कष्ट घेता?"

मी पिशवी उघडली. पान्हे काढले.

दांड्या काढल्या. त्याआधी काचेवर खडूनं खुणा केल्या, परत त्याच जागी बसाव्यात म्हणून. जाळी काढली. आतला सगळा सांगाडा, मोटर, दोन कांबी आणि दोन खुंट, बाहेर काढला आणि ओट्यावर पोत्यावर ठेवला. अडीच तास गेले. मोटरीनं फिरणाऱ्या छोट्या पट्टीचा गोळा जिथं कांबीच्या प्लास्टिकच्या वाटीत बसतो, ती वाटी फुटली होती. डावा खुंट बोटानं फिरवला, फिरला. उजवा फिरवला. हलेना. पकडीनं धरला, तरी हलेना.

"उजवी," रामकिशन म्हणाला. "उजवी जड फिरती." मग स्वतःशीच म्हणाला, "त्या टेम्पोची पण उजवीच होती."

खुंट बाहेर काढायला रॉकेल टाकून तासभर थांबावं लागलं. निघाला तेव्हा त्यावर धूळ आणि गंजाचा थर होता. वायपर वर्षानुवर्षं फिरलेच नव्हते. फिरलं की बुश मोकळा राहतो. न फिरवल्यानं तो गंजला, गंजल्यानं वाटी फुटली. न फिरवण्याचं कारण आप्पांना सांगितलेल्या माझ्या एका वाक्यात होतं. गंज पॉलिश पेपरनं घासताना हे मला उलगडत गेलं. मी बराच वेळ घासत राहिलो, गरजेपेक्षा जास्त.

वाटी औशात मिळाली नाही. तारेनं बांधता आली असती. रामकिशनच म्हणाला, "तार वळून टाका की."

"तार नको."

मी बसनं लातूरला गेलो. तिसऱ्या दुकानात वाटी मिळाली. दांड्यांची नवी रबरं आणि एक फ्यूजही घेतले. परत यायला संध्याकाळ झाली. बुधवारी सकाळी बुशात ग्रीस भरून खुंट बसवला, वाटी दाबून बसवली, सांगाडा परत आत घातला. दांड्या लगेच लावल्या नाहीत. आधी मोटर चालवून बंद केली, ती आपल्या थांबायच्या जागी थांबू दिली, मग नवी रबरं घालून खडूच्या खुणांवर दांड्या बसवल्या आणि नट आवळले. शेवटी फ्यूज काढून बघितला. नंबर बरोबर होता. नवा आणला होता, तोच घातला.

पंचफुला चहा घेऊन आली. रामकिशननं तांब्यातून काचेवर पाणी सोडलं. मी म्हणालो, लाव. त्यानं लावला. दोन्ही दांड्या एकदम उठल्या, पाणी पुसून परत आल्या. तो आतूनच ओरडला, "पंचफुला, बघ!" मग खाली उतरून माझा हात धरला. "उस्ताद, तुमचा हात लागला की काम झालं. पण माझ्या हातात टिकायचं न्हाई. मी कवातरी चुकनारच. त्या वेळी पण तुम्ही नीट करून दिला होता, मीच घालवला."

तेव्हा मी सांगितलं. जुळवून सांगितलं नाही. फ्यूज हातात होता, जुना काढलेला. तो दाखवला आणि म्हणालो, "त्या टेम्पोत मी हा घातला नव्हता. तार घातली होती. बुश बघितलाच नव्हता. तू सांगूनही बघितला नाही. मोटर तारेमुळं जळाली. कोरड्यावर फिरवल्यानं नाही. आप्पांना मी खोटं सांगितलं. ते यायच्या आधी तार काढून टाकली."

वायपर चालूच होता. पाणी संपलं होतं आणि तो कोरड्या काचेवर फिरत होता, करकर करत. कुणी बंद करेना. शेवटी पंचफुलानं खिडकीतून हात घालून बंद केला.

रामकिशन म्हणाला, "मी बुश बघा म्हणलो होतो का न्हाई?"

"म्हणाला होतास."

"आन तुम्ही बघितला म्हणला."

"हो."

"दवाखान्यात आलात तवा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तो ओट्यावर बसला. पाय ताठ. पंचफुलाच्या हातात चहाचा कप तसाच होता.

"दर साली खीर दिली तुम्हाला," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. कप माझ्या शेजारी ठेवला आणि आत गेली. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. मी चहा प्यायलो नाही. पिऊ की नको, हेही समजेना.

रामकिशन उठला. "चला."

"कुठं?"

"गंजगोलाईत. आप्पांच्या दुकानावर. मला सांगितलं ते त्यांना सांगा."

वीस किलोमीटर त्यानं नजर रस्त्यावरच ठेवली. आभाळ भरून आलं होतं. गोलाईच्या अलीकडं एका गल्लीत त्यानं गाडी लावली.

"तू चल," मी म्हणालो.

"मी कशाला? सांगायचं तुम्हाला हाय."

गुरुबसप्पा आप्पा ऐंशीच्या पुढं गेलेत. गल्ल्यावर मुलगा राजशेखर बसतो. आप्पा आतल्या बाजूला लोडाला टेकून, कपाळावर भस्माचे पट्टे, पुढ्यात मिरचीचे नमुने. मला त्यांनी ओळखलं. "या मिस्त्री. अजून पान्हे फिरवता का आता नातवंडं खेळवता?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तार, मोटर, बुश. रामकिशनची चूक नव्हती.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कोण रामकिशन?"

"तुमचा ड्रायव्हर, आप्पा. धर्माबादची मिरची आणायचा. अकरा वर्षं होता."

"लई डायवर झाले, बाबा." ते आठवू लागले. "टेम्पो आठवतो. हिरवा. पुलाला धडकला होता. चांगला टेम्पो होता तो."

"त्याला तुम्ही काढला होता."

"काढला आसंल." मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मिस्त्री, तवाच बोलला असतात तर काय झालं असतं? मी तुम्हाला दोन शिव्या दिल्या असत्या. टेम्पो दुसऱ्या गॅरेजला लावला असता. डायवर राहिला असता. ह्यापरीस जास्त काय झालं असतं?"

तेरा वर्षांत मी हा हिशोब कधी केला नव्हता. दोन शिव्या.

"त्याला घेऊन या कधीतरी," आप्पा म्हणाले आणि राजशेखरला हाक मारून एक नमुना दाखवू लागले.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. गोलाईतली माणसं छपरांखाली सरकली होती. रामकिशन गाडीतच बसून होता. उतरला नव्हता. मी भिजत जाऊन शेजारी बसलो. काचेवर पाण्याच्या धारा. पुढचं काही दिसत नव्हतं.

"काय म्हणले मालक?"

त्यांना वाईट वाटलं, असं म्हणायचं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. म्हणालो असतो तर त्याला बरं वाटलं असतं. मलाही.

"त्यांना तू आठवत नाहीस," मी म्हणालो. "टेम्पो आठवतो. हिरवा होता म्हणाले. चांगला होता."

तो काचेकडं बघत राहिला. नंतर त्याच्या नाकातून हवा सुटल्यासारखं झालं. हसला का काय, सांगता येत नाही.

"व्हता खरा. चांगलाच व्हता," तो म्हणाला.

त्यानं चावी फिरवली. हात स्विचवर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग लावला. दांड्या उठल्या आणि रस्ता दिसला. तो मान कलती करून ऐकत होता.

"डावी टकटक करून राहिली."

"रबर नवीन आहे. दोन दिवसांत बसेल."

"बसंल म्हणू नका. बघून सांगा."

मी खाली उतरलो. पाऊस चांगलाच होता. डाव्या दांडीच्या टोकाला रबर धरणारी चिमटी अर्धवट बसली होती, माझ्याकडूनच. दाबून बसवली. तो आतून बघत होता, वायपर चालूच ठेवून. माझ्या बोटांना दोनदा लागलं. त्यानं बंद केला नाही, आणि मी कर म्हणालो नाही. टकटक थांबली.

"बसा, श्रीमंतराव," तो म्हणाला.

औशापर्यंत पाऊस होता. तो सावकाश चालवत होता, पण थांबला नाही. वाटेत एका टपरीपाशी त्यानं वेग कमी केला. मला वाटलं, आता थांबतो. तिथल्या पत्र्याखाली तो नेहमी उभा राहायचा. टपरीवाल्यानं हात केला. रामकिशननं पण हात केला आणि पुढं निघाला.

गुरुवारी निलंग्याचा माणूस आला आणि परत गेला. गाडी विकली नाही. त्या व्यापाऱ्याचं काम परत मिळालं नाही, पण दिवाळीपर्यंत दुसऱ्या दोघांचं मिळालं.

यंदा चौदा एप्रिलला खिरीचा डबा आला नाही. मी वाट बघत नव्हतो, असं म्हणणार नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यानं वायपर काढले नाहीत. उन्हाळाभर ते काचेवरच होते. रबर तडकलं. मे महिन्यात एका सकाळी गाडी माझ्या दाराशी थांबली. तो उतरला. "रबर गेलं, श्रीमंतराव. बदलून द्या. आन दोन्ही बुश पण बघा."

पूर्वी तो सावलीला जाऊन डोळे मिटायचा. आता माझ्या डोक्यापाशी उभा राहिला. मी जाळी काढली, खुंट बोटानं फिरवून दाखवले, डावा आणि उजवा. त्यानं स्वतः फिरवून बघितले. मग मी जाळी लावली. एकूण दीड तास लागला. त्यातला एक क्षणही त्यानं माझ्या हातावरून नजर काढली नाही.